दहा घरची पुरणपोळी

फाल्गुनी पौर्णिमेला होळी येते. पुढे पंधरवड्याने गुढीपाडवा, आणि त्यानंतर महिनाभर चैत्रातली हळदीकुंकवे. ऊन तापू लागलेले असते, आंब्याला कैऱ्या धरलेल्या असतात, रब्बीचा हरभरा आणि गहू घरात आलेला असतो. या दिवसांतले सणाचे पदार्थ याच मालावर उभे आहेत. होळीला पुरणपोळी, पाडव्याला श्रीखंड-पुरी, चैत्रात आंबेडाळ आणि पन्हे.

हे पदार्थ करण्याच्या जोडीला ते वाटण्याचीही आपल्याकडे पद्धत आहे. रुमालाखाली झाकलेले ताट शेजारी जाते, आणि शेजारचे ताट आपल्याकडे येते. होळीच्या संध्याकाळपर्यंत एखाद्या मुलाने तीन-चार घरची पुरणपोळी चाखलेली असते. त्यांतली एकही दुसरीसारखी नसते. एक तोंडात विरघळते, दुसरी कडेला कोरडी असते, तिसरीतले पुरण रवाळ लागते. ताटाबरोबर बोलणेही होते. ‘यंदा डाळ शिजेचना.’ ‘गूळ चिक्कीचा निघाला, पुरण चिकट झाले.’ ‘कणीक जरा जास्त मुरवली, म्हणून पोळी फुटली नाही.’

हे बोलणे नीट ऐकले तर त्यात निरीक्षण आहे, कारणाचा अंदाज आहे, उपाय आहे आणि पुढच्या वर्षी तो उपाय करून पाहण्याचा बेतही आहे. विज्ञानाच्या तासाला आपण मुलांना हेच शिकवू पाहतो. तरीही मुलांच्या आई-आजीचे हे ज्ञान शाळेच्या दारातून सहसा आत येत नाही. या लेखात आपण या सणांच्या स्वयंपाकातले काही नियम घेऊ, त्यांच्यामागे काय घडते ते पाहू, आणि ते वर्गात कसे तपासता येतील याचा विचार करू. सगळेच नियम तपासणीत उतरत नाहीत. तेही पाहू.

डाळ आधी, गूळ मागून

पुरणाचे प्रमाण घरोघर वेगळे असते. कोणी वाटीभर डाळीला वाटीभर गूळ घेते, कोणी पाऊण वाटी, कोणी निम्मा गूळ आणि निम्मी साखर. डाळही एकच नसते. महाराष्ट्रात बहुतेक हरभऱ्याची, तर गुजरातेत पुरणाला तुरीची डाळ घेतात. पण एक नियम सगळीकडे सारखा आढळतो: डाळ बोटचेपी शिजल्याशिवाय गूळ घालायचा नाही. गूळ आधी पडला की डाळ शिजत नाही, असे प्रत्येक घर सांगते. असे का व्हावे?

त्यासाठी ‘डाळ शिजते’ म्हणजे काय होते ते आधी पाहू. डाळीचा दाणा असंख्य पेशींचा बनलेला असतो. प्रत्येक पेशीत स्टार्चचे कण आणि प्रथिने भरलेली असतात. या पेशी एकमेकींना चिकटून राहतात त्या पेक्टिन नावाच्या पदार्थामुळे. विटांच्या भिंतीत जसा चुना, तसे दाण्यात पेक्टिन. पाणी उकळत ठेवले की हळूहळू हे पेक्टिन विरघळते, पेशी सुट्या होतात, आतले स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात. मग दाणा बोटांनी दाबला की चेपतो.

पेक्टिनचे हे विरघळणे तीन गोष्टींनी मंदावते. पहिली, आम्ल. पाणी आंबट असेल तर पेक्टिन सहजासहजी विरघळत नाही. दुसरी, कॅल्शियम. कॅल्शियमचे आयन पेक्टिनच्या दोन धाग्यांमध्ये दुव्यासारखे बसतात आणि ते घट्ट बांधून ठेवतात. तिसरी, साखर. भरपूर साखर असेल तर ती पेशींच्या भिंतींना बळकटी देते आणि दाण्याच्या वाट्याचे पाणीही अडवते. गुळात साखर तर असतेच, शिवाय कॅल्शियमसारखी खनिजे असतात आणि त्याचे पाणी किंचित आंबट असते. म्हणजे तिन्ही अडथळे एकाच खड्यात! आमटीत चिंच किंवा आमसूल डाळ शिजल्यावरच घालतात, त्याचेही कारण हेच.

आता ‘यंदा डाळ शिजेचना’ या तक्रारीकडे वळू. गूळ नंतर घातला तरी कधी कधी तासन्‌तास डाळ शिजत नाही. बरेचदा याचे कारण पाण्यात असते. अनेक गावांत विहिरीचे किंवा बोअरचे पाणी जड असते, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात. तीच डाळ नदीच्या किंवा पावसाच्या पाण्यात लवकर शिजते. दुसरे कारण डाळ जुनी असणे. उष्ण आणि दमट जागी बरेच महिने साठवलेली कडधान्ये शिजायला कठीण होतात. सणाच्या दिवशी डाळ शिजली नाही की दोष मात्र करणाऱ्या बाईकडे जातो. माहेरी चांगले पुरण करणारी मुलगी सासरी आल्यावर ‘हिला पुरण येत नाही’ असे ऐकून घेते. तिच्या हातात काही फरक पडलेला नसतो, विहीर बदललेली असते. एवढी गोष्ट जरी मुलांना कळली, तरी हा धडा वाया गेला असे आम्ही म्हणणार नाही.

यावर घराघरात उपाय आहेत. डाळ काही तास भिजवणे हा साधा उपाय. दुसरा, पाणी आधी उकळून, गार करून वरचे निवळ पाणी वापरणे. उकळल्याने जडपणाचा काही भाग पांढऱ्या साक्याच्या रूपाने तळाशी बसतो. प्रेशर कुकरमध्ये दाब वाढल्याने पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंश सेल्सिअसला उकळते आणि पेक्टिन लवकर सुटते. चौथा उपाय चिमूटभर खाण्याच्या सोड्याचा. सोड्याने पाणी आम्लारीधर्मी होते आणि डाळ झटपट शिजते, पण डाळीतले ब-१ जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात नष्ट होते, आणि सोडा जास्त पडला तर साबणासारखी चव येते. म्हणून हा उपाय शेवटचा.

करून पहा: पाच सारखी पातेली घ्या. प्रत्येकात एकाच पुड्यातली ५० ग्रॅम हरभरा डाळ आणि ३०० मिलिलिटर पाणी घ्या. पहिल्यात फक्त पाणी. दुसऱ्यात ५० ग्रॅम गूळ. तिसऱ्यात ५० ग्रॅम साखर. चौथ्यात थोडा चिंचेचा कोळ. पाचव्यात चिमूटभर सोडा. आच सारखी ठेवा, झाकण सगळ्यांवर ठेवा किंवा कोणावरच ठेवू नका. उकळी फुटल्यापासून दर दहा मिनिटांनी प्रत्येकातले दहा दाणे बशीत काढा, गार होऊ द्या आणि बोटांनी दाबा. किती चेपले ते लिहा. शेवटी पाचही पातेल्यांचे आलेख एकाच कागदावर काढा. तिसरे पातेले का ठेवले, हे मुलांना विचारा. गुळात साखर, आम्ल आणि क्षार तिन्ही आहेत, साखरेत आम्लही नाही आणि क्षारही नाहीत. दोहोंच्या आलेखांतला फरक बरेच काही सांगेल.

शिजलेल्या डाळीवरचे पाणी, म्हणजे कट, पुरणासाठी काढून टाकावे लागते, नाहीतर पुरण आटवायला फार वेळ लागतो. या कटात डाळीतले विरघळलेले पदार्थ आलेले असतात: थोडे स्टार्च, थोडी प्रथिने, क्षार, पाण्यात विरघळणारी ब गटातली जीवनसत्त्वे. ते फेकून न देता त्याची आमटी करण्याची रीत पोषणाच्या दृष्टीनेही उत्तम आहे.

उलथने उभे राहिले पाहिजे

शिजलेली डाळ निथळून घेतली की चांगली कोरडी दिसते. तिच्यात गूळ घातला की पाच मिनिटांत सगळे पातळ होते. पाणी तर घातलेले नाही, मग हे आले कुठून?

ते डाळीतच होते. फुगलेल्या दाण्यांत कितीतरी पाणी धरून ठेवलेले असते. गूळ हे पाणी ओढून घेतो आणि त्यात विरघळतो. त्याचा पाक होतो आणि पुरण सैल पडते. चक्क्यात साखर घातल्यावर तोही असाच सैल होतो, आणि मीठ लावलेल्या कैरीच्या फोडींना पाणी सुटते तेही याच जातीचे.

मग पुरण आटवायचे. किती? इथे घड्याळ किंवा मोजमाप कोणी सांगत नाही. पातेल्यात मध्यभागी उलथने किंवा डाव उभा करायचा, तो न पडता उभा राहिला की पुरण झाले. वरवर हा गमतीचा नियम वाटतो, पण प्रत्यक्षात ते मोजमापच आहे. पाणी जसजसे उडून जाते तसतसा गुळाचा पाक दाट होत जातो आणि त्याचा उत्कलनांकही शंभर अंशांच्या वर चढत जातो. म्हणूनच शेवटी उडणारा पुरणाचा थेंब उकळत्या पाण्यापेक्षा जास्त भाजतो. उलथने उभे राहणे म्हणजे मिश्रणाची दाटी एका ठरावीक मर्यादेपलीकडे गेली याची खूण. डाळ नवी असो की जुनी, गूळ ओला असो की कोरडा, वाटी लहान असो की मोठी, ही खूण चुकत नाही. कारण ती किती वेळ गेला हे न मोजता पदार्थाची अवस्था मोजते.

पातेल्यासकट पुरणाचे वजन दर पाच मिनिटांनी केले, तर किती पाणी उडाले ते थेट कळते. उलथने उभे राहिले त्या क्षणी वजन किती होते, हे दोन-तीन घरच्या पुरणांत ताडून पाहण्यासारखे आहे.

कणीक मुरते म्हणजे काय?

पुरण कितीही चांगले झाले तरी पोळी फुटली तर सगळे तव्यावर. म्हणून कणकेचे नियम कडक. पीठ बारीक चाळणीने किंवा वस्त्राने गाळून घ्यावे, कणीक सैल भिजवावी, तेल लावून भरपूर मळावी, आणि तास-दोन तास झाकून मुरू द्यावी.

गव्हाच्या पिठात ग्लुटेनिन आणि ग्लायडिन ही दोन प्रथिने असतात. पाणी मिळून मळली गेली की ती एकमेकांत गुंतून ग्लुटेनचे जाळे तयार होते. हे जाळे ताणता येते आणि काही अंशी परत आखडते. मळल्यावर लगेच पोळी लाटायला घेतली तर ती आखडते, कारण जाळे ताणलेल्या अवस्थेत असते. मुरण्याच्या वेळात पाणी सगळीकडे सारखे पसरते, जाळ्यातला ताण सैलावतो, आणि कणीक न फाटता पातळ होते. पीठ गाळण्याचे कारणही इथेच आहे. कोंड्याचे तुकडे जाळ्याचे धागे मध्येच तोडतात, आणि पोळी नेमकी तिथे फुटते.

करून पहा: १०० ग्रॅम मैदा पाण्यात घट्ट भिजवा, मळा आणि अर्धा तास वाडग्यात पाण्याखाली ठेवा. मग त्याच पाण्यात हलक्या हाताने चोळत धुवा. पाणी दुधासारखे झाले की बदला. पाणी स्वच्छ येऊ लागेल तेव्हा हातात रबरासारखा चिवट गोळा उरेल. हेच ग्लुटेन. ओल्या गोळ्याचे वजन साधारण २५ ते ३० ग्रॅम भरते. पांढऱ्या पाण्यात आयोडिनचा थेंब टाकला तर ते निळेजांभळे होते, म्हणजे धुऊन गेले ते स्टार्च. आता हाच प्रयोग ज्वारीच्या पिठावर करा. हातात काहीच उरणार नाही! ज्वारीच्या प्रथिनांचे असे जाळे होत नाही. म्हणून भाकरी लाटत नाहीत, थापतात, आणि तिचे पीठ उकळत्या पाण्यात मळून स्टार्चचा चिकटपणा कामाला घेतात.

ग्लुटेनचा हा गुण ठिकठिकाणी वेगवेगळ्या प्रकारे वापरलेला दिसतो. तेलपोळीची कणीक इतकी सैल आणि तेलात मुरवलेली असते की ती पोळपाटावर लाटता येत नाही, तेल लावलेल्या पत्र्यावर किंवा कागदावर लाटून तव्यावर उलटी टाकतात. खानदेशातले मांडे करणाऱ्या बाया तर लाटणे बाजूला ठेवतात. भरलेली पोळी दोन्ही हातांवर झेलत झेलत पसरवतात आणि पालथ्या खापरावर टाकतात. ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मुक्ताबाईने मांडे भाजल्याची कथा सर्वांना ठाऊक आहे, म्हणजे हे कौशल्य किती जुने असेल याची कल्पना येते. कर्नाटकात होळिगे आणि आंध्रात बोब्बट्टू याच कुळातले. साधने वेगळी, हातवारे वेगळे, पण सर्वांचा भरवसा ग्लुटेनच्या जाळ्यावर.

पाडव्याचा चक्का

श्रीखंडासाठी आदल्या दिवशी दही लावतात, ते फडक्यात बांधून टांगतात, आणि पाणी निथळले की उरतो तो चक्का. यातही घरोघर मतभेद आहेत. कोणी म्हणते रात्रभर टांगा, कोणी म्हणते चार तास पुरे. कोणी म्हणते म्हशीच्याच दुधाचे, कोणाला गाईचे चालते.

दुधातली केसीन नावाची प्रथिने अतिशय बारीक कणांच्या रूपात तरंगत असतात. ताज्या दुधाचा सामू सुमारे ६.६ असतो. विरजणातले जिवाणू दुधातल्या लॅक्टोज या साखरेपासून लॅक्टिक आम्ल तयार करतात, सामू उतरत जातो, आणि तो ४.६ च्या आसपास आला की केसीनचे कण एकमेकांना चिकटून जाळे तयार होते. पाणी त्या जाळ्यात अडकते, हेच दही. विरजण लावलेले भांडे हलवू नये म्हणतात ते खरे आहे, कारण हलवल्याने कोवळे जाळे तुटते आणि पाणी सुटते. चक्का करताना आपण हेच पाणी मुद्दाम निथळू देतो.

दही बांधून टांगले तरी जिवाणूंचे काम थांबत नाही, ते आम्ल तयार करीतच राहतात. त्यांना ऊब मानवते. थंडीत रात्रभर लागणारे दही चैत्रात पाच-सहा तासांत लागते. म्हणून थंडीत आठ तास टांगलेला चक्का गोड राहतो, आणि तेवढाच वेळ चैत्राच्या उकाड्यात टांगलेला चक्का आंबट होतो. ‘रात्रभर’ म्हणणारी आणि ‘चार तास’ म्हणणारी, दोघीही आपापल्या घरापुरत्या बरोबर असू शकतात. एकीचे घर गार आहे, दुसरीचे पत्र्याचे. नियम सांगताना तापमान सांगायचे राहून गेलेले असते, एवढेच. शीतकपाट असेल तर दही चाळणीत घालून त्यात निथळत ठेवावे.

गव्हल्यांच्या खिरीत गूळ घालायचा असेल तर खीर आधी कोमट होऊ द्यावी, हा नियम केसीनचाच. उकळत्या दुधात गूळ पडला की गुळातले आम्ल आणि क्षार यांमुळे केसीनचे कण गोळा होतात आणि दूध फाटते. तापमान कमी असेल तर हा धोका बराच कमी होतो.

आणखी एक नियम जपण्यासारखा आहे: दही, श्रीखंड, पन्हे, चिंचेची आमटी कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवू नये. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. आंबट पदार्थात तांबे विरघळते, पदार्थ कळकतो, आणि असा पदार्थ खाल्ल्यावर मळमळ, उलट्या होतात. कल्हई म्हणजे कथिलाचा पातळ थर. कथिल २३२ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे कल्हईवाल्याच्या साध्या भात्यावर काम होते. नवसागराने भांड्याचा पृष्ठभाग स्वच्छ होतो आणि कथिल त्यावर धरते. आता कल्हईवाले क्वचितच दारावर येतात, पण जुनी पितळी भांडी हौसेने माळ्यावरून खाली काढली जातात. म्हणून हा नियम आजच्या मुलांना मुद्दाम सांगायला हवा.

सगळेच नियम उतरत नाहीत

आतापर्यंतचे नियम तपासणीत टिकले. पण स्वयंपाकघरातून येणारे प्रत्येक विधान खरे मानणे ही दुसऱ्या टोकाची चूक होईल.

पाडव्याला कडुनिंबाची पाने गूळ, ओवा, मीठ घालून खातात. त्याने वर्षभर रक्त शुद्ध राहते असे सांगतात. रक्तातले टाकाऊ पदार्थ वेगळे करण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे रोज करीत असतात. एका दिवशी खाल्लेल्या चार पानांनी वर्षभराचे आजार टळतात याला आधार नाही. प्रथा म्हणून पाने खायला हरकत नाही, कारण म्हणून जे सांगितले जाते ते मात्र तपासून घ्यावे.

याहून गंभीर नियम आहे तो पाळीचा. चैत्र-वैशाख हे पापड, कुरडया आणि लोणची घालण्याचे दिवस. पाळी आलेल्या बाईचा हात लागला की लोणचे नासते, दही बिघडते, असे अनेक घरांत सांगतात, आणि वयात आलेल्या मुलीला त्या दिवसांत सणाच्या स्वयंपाकापासून दूर ठेवतात. लोणचे नासते कशाने? बुरशीने आणि जिवाणूंनी. ते येतात ओल्या हाताने, ओल्या चमच्याने, नीट न वाळलेल्या बरणीतून, मीठ कमी पडल्याने किंवा फोडी तेलाखाली न राहिल्याने. हात स्वच्छ आणि कोरडा असला तर तो महिन्याच्या कोणत्या दिवशी लागला याच्याशी बुरशीचे काही देणेघेणे नाही.

वर्गात हा विषय काढताना शिक्षकांनी सांभाळून बोलावे. कोणत्याही मुलीला तिच्या घरचे किंवा तिचे स्वतःचे काही सांगायला लावू नये, आणि हा ‘प्रयोग’ म्हणून तर मुळीच देऊ नये. मात्र कैरीच्या फोडींच्या चार बाटल्या भरून, एकीत मीठ पुरेसे, एकीत कमी, एकीत कोरडा चमचा, एकीत ओला, असे पंधरा दिवस ठेवता येईल. बाटल्या उघडून चाखायच्या नाहीत, बाहेरून पाहून रोज नोंद करायची. बुरशी कुठे धरते ते सगळ्यांना दिसेल. मग लोणचे कशाने नासते या प्रश्नाचे उत्तर कोणाला दोष न देता समोर येईल, आणि एखादी मुलगी ते घरी घेऊन जाईल.

वर्गात कसे घ्यावे?

होळी ते पाडवा हे दिवस परीक्षेच्या तोंडावर येतात, त्यामुळे फार वेळ मिळत नाही हे आम्ही जाणतो. तरी चार तासांत पुढीलप्रमाणे काही करता येईल.

पहिल्या तासाला प्रत्येकाने घरी विचारायचे प्रश्न ठरवावेत: डाळ कोणती, पाणी कुठले, किती वेळ भिजवली, गूळ केव्हा घातला, पुरण झाले हे कशावरून ओळखले, कणीक किती वेळ मुरली. ‘का?’ हा प्रश्न प्रत्येकाच्या शेवटी हवा. मुलगे आणि मुली दोघांनीही विचारावे, आणि जमेल तिथे हाताने करून पाहावे. वाटी हे मापही तपासावे. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ हे पुस्तक १९७० साली प्रसिद्ध झाले, त्यातल्या वाटी-चमच्याच्या मापांवर अनेक घरांतल्या मुली स्वयंपाक शिकल्या. पण तुमच्या घरची वाटी आणि शेजारची वाटी सारखी आहे का? पाणी भरून मोजून पाहा.

दुसऱ्या तासाला दहा घरांची उत्तरे फळ्यावर तक्त्यात मांडावीत. ज्या ओळीत सगळ्यांचे उत्तर सारखे आले, ती ओळ बहुधा पदार्थाच्या गुणधर्माकडे बोट दाखवते. जिथे उत्तरे वेगळी आली, तिथे पाणी, हवा, ऐपत किंवा आवड यांपैकी काय बदलले ते शोधावे. यातून दोन नियम निवडून तिसऱ्या आणि चौथ्या तासाला त्यांचे प्रयोग करावेत. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सारे तसेच ठेवायचे, एवढे पथ्य पाळले तर पुरे. शेगडी आणि उकळते पाणी शिक्षकांनी स्वतः हाताळावे.

एक काळजी घ्यावी. प्रत्येक घरात होळीला पुरण शिजतेच असे नाही. काही घरांना ते परवडत नाही, काहींचा सणच वेगळा असतो. म्हणून ‘पुरणपोळी कशी करतात’ असे न विचारता ‘तुमच्या घरी या दिवसांत खास काय करतात’ असे विचारावे. इस्लामी वर्ष चांद्र असून सुमारे ३५४ दिवसांचे असल्याने रमजान ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते. २०२३, २०२४ आणि २०२५ या तिन्ही वर्षी ती मार्च-एप्रिलमध्येच आली. शीरखुर्म्याचे वाडगेही अशाच झाकलेल्या ताटांतून शेजारी जातात, आणि त्यातही क्रमाचा नियम आहे. दूध आधी आटवायचे, तुपात परतलेल्या शेवया शेवटी घालायच्या, कारण शेवयांतले स्टार्च दूध शोषून फुगत राहते आणि खीर गार होता होता घट्ट होते. ज्या घरात फक्त भाकरी आणि कैरीची चटणी झाली, त्या घरातही उकळत्या पाण्यात पीठ मळण्याचे ज्ञान आहेच. वर दिलेल्या ग्लुटेनच्या प्रयोगाला त्या मुलाची माहिती सर्वांत जास्त उपयोगी पडेल.

कोणाचा पदार्थ चांगला अशी स्पर्धा मात्र लावू नये. दहा घरांनी एकच पदार्थ दहा प्रकारे केला असेल तर आपल्या हाती आयतीच दहा प्रयोगांची नोंद येते. ती वही जपून ठेवावी, आणि पुढच्या फाल्गुनात नव्या वर्गाला ताडून पाहायला द्यावी.